एड्रियन पेल गप्प बसतो तेव्हा

क्लिफर्ड गारसाइडने एकेचाळीस वर्षं रॉदरमच्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या आत विटा लावल्या. भट्टी विझवल्यावर ती पुरती थंड होईपर्यंत थांबायला कारखान्याला वेळ नसायचा. पायात लाकडी तळाचे बूट, मानेला ओलं फडकं. वीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर. आत असताना सांधा चुकला तर नंतर सुधारता येत नसे, कारण तोवर पुढच्या माणसाने त्यावर तीन थर चढवलेले असत. त्यामुळे काम नीट झालेलं असतं किंवा नसतं, एवढंच त्याला कळायचं. मधलं काही असतं असं कुणी म्हटलं की तो ऐकणं बंद करायचा.

निवृत्तीनंतर गुडघे गेले. सकाळी नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या वाफ्यावर कांदा-बटाटा, दुपारी डुलकी, आणि रविवारी नऊला एड्रियन पेल.

पेलचे माहितीपट तो वीस वर्षं पाहत होता. पेल कुठेही जायचा. अंतराळयानाची वाट पाहत डोंगरावर राहणारी माणसं, घरात मगर पाळणारं जोडपं, सहा चर्चांनी हाकललेला पाद्री, म्हातारा झालेला गुंड. उंच, थोडा वाकलेला माणूस, स्वेटरची कोपरं झिजलेली. तो कुणालाही हसायचा नाही. चहा दिला तर प्यायचा. एखादा साधा प्रश्न विचारायचा, मिळेल ते उत्तर ऐकायचा, आणि मग गप्प बसायचा.

ते गप्प बसणं बघायला क्लिफर्ड बसायचा. समोरचा माणूस आधी खाली बघायचा, मग खिडकीकडे, मग कानामागे खाजवायचा. पेल हलायचा नाही. क्लिफर्ड कप खाली ठेवायचा.

"आता," तो म्हणायचा. "आता बोलेल."

आणि तो माणूस बोलायचा. बायकोलाही कधी सांगितलं नसेल ते.

"तो बिचारा रडतोय, आणि तू वेळ मोजतोयस," ब्रेंडा म्हणायची. ती शब्दकोडं सोडवत बसलेली असायची, पण लक्ष पडद्यावरच असायचं.

"रडण्याकडे नाही बघत मी. काम बघतोय. एक शब्द वाया घालवत नाही तो माणूस."

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. मगरवाल्यांचं घर पाहून झालं की स्वतःचं घर फार नीटनेटकं वाटायचं. बायको शहाणी वाटायची. सोमवारी वाफ्यांवर तासभर पुरेल एवढा विषय मिळायचा. क्लिफर्ड हे कुणाला सांगायचा नाही. पण रविवारचा तो तास चुकला तर त्याचा आठवडा लंगडायचा.

त्याच्यापासून दोन घरं सोडून वॉल्टर स्टेड राहायचा. कारखान्यात तो क्रेन चालवायचा. क्लिफर्ड भट्टीच्या तळाशी, वॉल्ट साठ फूट वर. वरून विटांचा गठ्ठा असा अलगद उतरवायचा की खाली धूळ उडायची नाही. चाळीस वर्षांची मैत्री यावरच उभी होती.

वॉल्ट अंडी गोळा करायचा. रानपक्ष्यांची. गरुड, ससाणा, कड्यावरचे समुद्रपक्षी. वसंतात सुट्टी काढून स्कॉटलंडला जायचं, दोराने कड्यावरून खाली उतरायचं, घरट्यातली अंडी घ्यायची. घरी बारीक भोक पाडून आतला बलक फुंकून काढायचा आणि कवच कापसात ठेवायचं. प्रत्येकाला चिठ्ठी: तारीख, जागा, वारा कुठला. विकायची नाहीत. कुणाला दाखवायचीही नाहीत, फक्त हाच नाद असलेल्या चार-दोन माणसांना. कायद्याने हे केव्हाच बंद झालं होतं. त्याने हे लोक थांबले नाहीत, फक्त अंड्यांची बुटकी कपाटं पलंगाखाली गेली.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी पोलीस आले, सोबत पक्षी वाचवणाऱ्या संस्थेची दोन माणसं. ते सरळ पलंगापाशी गेले. शोधावं लागलंच नाही. दोन हजार एकशे चौदा अंडी. वॉल्टला चार महिन्यांची शिक्षा झाली.

बाहेर आल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती: कुणी सांगितलं? आणि ते त्याने स्वतःच ठरवलं. डेस पॅशली. मेक्सबरोचा, तोही अंडीवाला. त्याच वसंतात एका गरुडाच्या घरट्यावरून दोघांची जुंपली होती. पलंगाखालचं कपाट पॅशलीने पाहिलेलं होतं. मग आणखी पुरावा कशाला? शनिवारी पबमध्ये भरल्या टेबलावर वॉल्टने पॅशलीचा ग्लास उचलला, दाराजवळच्या कुंडीत ओतला आणि रिकामा ग्लास त्याच्यापुढे परत ठेवला.

"इथे तुला कुणी पाजणार नाही," तो म्हणाला. "फितुराला नाही."

पॅशलीने कोट घातला आणि गेला. त्या पबमध्ये तो पुन्हा आला नाही. अंडीवाल्यांतही त्याला कुणी विचारेना.

क्लिफर्ड त्या टेबलाशी बसला होता. आणि त्याला ठाऊक होतं की फोन पॅशलीने केलेला नाही. दोनच दिवसांपूर्वी ब्रेंडाने त्याला सांगितलं होतं. फोन हेझलने केला होता, वॉल्टच्या बायकोने. वॉल्ट तेव्हा बासष्टचा होता, खुबा दुखत होता, आणि त्या वर्षी तो एका नव्या कड्यावर उतरणार होता. हेझल ब्रेंडाजवळ स्वयंपाकघरात रडली होती. "तुरुंगात निदान दोर तरी नसतो," ती म्हणाली होती.

"तोंडातून एक अक्षर काढायचं नाही," ब्रेंडाने बजावलं होतं. क्लिफर्डने काढलं नाही. वॉल्ट पॅशलीला शिव्या द्यायचा तेव्हा तो बिअरचा घोट घ्यायचा. "हं," म्हणायचा. नऊ वर्षं असंच चाललं.

या फेब्रुवारीत पॅशली वारला. वॉल्ट अंत्यसंस्काराला गेला नाही, म्हणून क्लिफर्डही गेला नाही. ब्रेंडा गेली. परत येऊन तिने सांगितलं की हेझल चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली होती आणि प्रार्थना संपायच्या आत उठून गेली.

मार्चमध्ये वॉल्टकडे पत्र आलं. ते घेऊन तो थेट क्लिफर्डकडे आला.

"हा पेल म्हणजे तुझाच ना? रविवारचा?"

क्लिफर्डने पत्र दोनदा वाचलं. एड्रियन पेल अंडी गोळा करणाऱ्यांवर माहितीपट करत होता. वॉल्टर स्टेड यांनी आपली बाजू मांडावी अशी त्याची इच्छा होती.

"माझाच," तो म्हणाला, आणि कान गरम झाल्याचं त्याला जाणवलं.

"कसा आहे माणूस?"

"चांगला. म्हणून जपून राहायचं."

"चांगल्या माणसापासून?"

"बस. सांगतो." वॉल्ट बसला. "तो विचारेल. तू उत्तर देशील. मग तो गप्प बसेल. तिथे सगळे बुडतात. तो गप्प झाला की आपण काहीतरी बोललं पाहिजे असं वाटतं. पाहुणा घरी आलाय, अवघडून बसलाय, असं वाटतं. तसं काही नसतं. तो कामावर असतो."

"मग मी काय करू?"

"विटा मोज. तुझ्या भिंतीतल्या शेगडीभोवती किती आहेत?"

"तूच लावल्यास."

"एकशे अठरा. डावीकडून सुरू कर. संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"आणि नाक?"

"नाक चालेल."

ब्रेंडा आतून म्हणाली, "त्यापेक्षा नाही म्हणून कळवा त्यांना." दोघांनीही ऐकलं नाही. वॉल्टला वाटत होतं की नऊ वर्षं लोकांनी त्याला चोर म्हटलं, आता एकदा त्याचं ऐकावं. क्लिफर्डला वाटत होतं की पेल आपल्या गल्लीत येणार.

एप्रिलमध्ये ते आले. पेल, कॅमेऱ्याचा माणूस, आवाजाचा माणूस आणि इमोजेन नावाची एक मुलगी, जिच्याकडे सगळे कागद होते. वॉल्टकडे दोन दिवस काम चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉल्ट मागच्या दाराने आला आणि टोपी टेबलावर टाकली.

"सत्त्याण्णवपर्यंत गेलो."

"मग?"

"मग तोच बोलला." वॉल्ट हसला. कितीतरी वर्षांनी असा हसला असेल. "थकला तुझा पेल. आता तुझ्याकडे येणार आहे. जुना मित्र काय म्हणतो ते हवंय त्याला. दोन शब्द सांग, मी काही वाईट माणूस नाही म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच. त्याहून जास्त सांगायला तुला येतं कुठे?"

शुक्रवारी सकाळी क्लिफर्डने दाढी केली, कुणी न सांगता नवा शर्ट घातला. इमोजेनने संमतीचा कागद पुढे केला, त्याने सही केली. आवाजाच्या माणसाने शर्टाला छोटं यंत्र लावलं. पेल समोरच्या खुर्चीत बसला. स्वेटरची कोपरं खरोखरच झिजलेली होती.

पहिली वीस मिनिटं छान गेली. क्लिफर्डने भट्टीचं सांगितलं, क्रेनचं सांगितलं, धूळ न उडवता उतरणाऱ्या विटांचं सांगितलं. पेल लक्ष देऊन ऐकत होता. सांध्याची जाडी किती ठेवायची हेही त्याने विचारलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"वॉल्टर म्हणतात, फोन कुणी केला ते त्यांना माहीत आहे."

"म्हणतो खरा."

"तुम्हाला पटतं ते?"

क्लिफर्ड म्हणाला, "वॉल्टने ठरवलं की ठरवलं."

पेलने मान हलवली आणि गप्प बसला.

क्लिफर्ड मनात हसला. आली वेळ. त्याने आपल्या शेगडीकडे पाहिलं आणि डावीकडून मोजायला लागला. एक, दोन, तीन. स्वतःच लावलेल्या विटा होत्या. सातव्याला आठवलं की पॅशलीने कोट घालताना डावा हात दोनदा चुकवला होता. बाही सापडत नव्हती. दहा. अकरा. पेल हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, लबाडीही नव्हती. वीस वर्षं पडद्यावर पाहिलेला माणूस फक्त आपल्यासाठी थांबलाय. सोळाव्या विटेवर क्लिफर्डचा आकडा चुकला.

"पॅशलीने नाही केला," तो म्हणाला.

पेल काही बोलला नाही.

"मेला बिचारा फेब्रुवारीत. त्याने नव्हता केला."

पेल अजूनही गप्प होता. आता थांबता आलं असतं. क्लिफर्डला नंतर कितीदा तरी वाटलं की इथे थांबता आलं असतं.

"फोन घरातूनच गेला. हेझलने केला. वॉल्ट मरेल म्हणून भीती वाटत होती तिला."

"वॉल्टरना माहीत आहे?"

"नाही."

दारात ब्रेंडा उभी होती. हातात ट्रे होता. कॅमेऱ्याच्या माणसाने कॅमेरा हळूच तिच्याकडे वळवला.

"चहा गार होतोय," ती म्हणाली.

क्लिफर्ड उठला आणि सगळ्यांच्या कपात चहा ओतला. बशीत थेंबही सांडला नाही. याचाही त्याला नंतर राग आला.

मंडळी गेल्यावर ब्रेंडाने कप धुतले, पुसले, कपाटात ठेवले. मग विचारलं, "कुणासाठी बोललास तू? पॅशलीसाठी, की त्या माणसासाठी?"

"पॅशलीसाठी."

"नऊ वर्षं तो जिवंत होता. मेक्सबरोला. बसने पंचवीस मिनिटं."

 सगळ्यात वाईट हे होतं की क्लिफर्डला स्वतःलाच माहीत नव्हतं. पॅशली डोळ्यांपुढे आला होता, हे खरं. पण पेलला रिकाम्या हाताने पाठवू नये असंही वाटलं होतं. एवढा लांबून आलाय, चांगलं काम करतोय, त्याला काहीतरी चांगलं द्यावं. भट्टीत दुसऱ्याला वीट पुढे करावी तसं.

दुसऱ्या दिवशी त्याने इमोजेनला फोन करून ते बोलणं काढता येईल का विचारलं. संध्याकाळी पेलचाच फोन आला.

"मी घरं मोडायला येत नाही, क्लिफर्ड," पेल म्हणाला. "हेझल नको म्हणाल्या तर मी ते काढेन. शब्द देतो. पण खरं सांगू? या सगळ्या कामात कुणीही मला सांगितलेली ती सर्वांत खरी गोष्ट आहे."

क्लिफर्डला एक क्षण बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं. मग स्वतःचीच शिसारी आली.

"काढा," तो म्हणाला. "तरी हेझलला विचारून पक्कं सांगतो."

वॉल्ट वाफ्यावर गेल्याची खात्री करून तो हेझलकडे गेला. ती ओव्हनमध्ये डोकं घालून आतली काजळी खरवडत होती. हातात रबरी मोजे होते. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने खरवडणं थांबवलं, पण डोकं बाहेर काढलं नाही.

"नऊ वर्षं," ती आतूनच म्हणाली, "वाटायचं की कुणीतरी मला विचारेल. विचारायला टीव्हीवाला यावा लागला. आणि तोही तुला विचारून गेला."

"काढायला सांगतो मी. तो शब्दाचा पक्का आहे."

"सांग काढायला. माझ्या नवऱ्याच्या आधी सगळ्या देशाला कळायला नको." ती उठली, मोजे उलटे करून काढले. "वॉल्टला मी सांगते. आज नाही. गुरुवारी."

"गुरुवारी का?"

"गुरुवारी त्याची डॉक्टरकडे तपासणी आहे. ती झाल्यावर. आणि क्लिफर्ड, गुरुवारपर्यंत तरी तोंड बंद ठेव."

गुरुवारचं ब्रेंडाकडून कळलं. वॉल्टने तारीख विचारली, वेळ विचारली, हेझलने घरातून फोन केला की रस्त्यावरून तेही विचारलं. मग वाफ्यावर गेला आणि अंधार पडेपर्यंत बटाट्याचे चर खणत राहिला. रात्री घरी आला, जेवला. हेझलला सोडून गेला नाही. रागाने बोललाही नाही. शनिवारपासून तिच्यासोबत दुकानात पिशवी धरून जाऊ लागला.

क्लिफर्डशी मात्र तो बोलला नाही. दोघांचे वाफे एकमेकांना लागून. वॉल्ट पाठ करून खुरपायचा. क्लिफर्डने एकदा "वॉल्ट" अशी हाक मारली, तर तो पाण्याच्या नळाकडे चालू लागला. उन्हाळाभर हेच. इतर वाफेवाल्यांना वाटलं, सर्वांत मोठ्या कांद्याच्या स्पर्धेवरून बिनसलं असेल. तसं बिनसणं नवीन नव्हतं.

सप्टेंबरच्या एका रविवारी माहितीपट दाखवला. ब्रेंडा म्हणाली, नको बघू. क्लिफर्ड बसला.

काम चांगलं होतं. ते त्याला कबूल करावं लागलं. वॉल्टचे हात, चिठ्ठ्यांवरचं त्याचं बारीक अक्षर, रिकामं कपाट. पक्षीवाल्यांचंही ऐकून घेतलं होतं. कुणाची टर उडवली नव्हती. चाळिसाव्या मिनिटाला क्लिफर्ड स्वतः दिसला. चहा ओततोय. वरून पेलचा आवाज: वॉल्टरचे शेजारी आजही त्यांच्या पाठीशी आहेत. नऊ सेकंद. बस्स.

शब्दाचा पक्का होता पेल.

मग शेवट आला. वॉल्ट मागच्या अंगणात, पेल शेजारी.

"आमच्यातलाच एक होता," पडद्यावरचा वॉल्ट म्हणाला. "त्यानेच फोन केला. गेला तो. याच हिवाळ्यात."

"त्याला माफ केलंत?"

पेल गप्प बसला. वॉल्ट शेगडीपाशी नव्हता, मोजायला विटा नव्हत्या. तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला.

"नाही," तो म्हणाला.

त्याच चेहऱ्यावर माहितीपट संपला.

क्लिफर्ड तसाच बसून राहिला. हे एप्रिलमधलं होतं, वॉल्टला काही कळायच्या आधीचं. नाव घेतलं नव्हतं. पण याच हिवाळ्यात गेलेला अंडीवाला एकच होता, आणि रॉदरमपासून डॉनकास्टरपर्यंत तो कोण हे सगळ्यांना माहीत होतं. पॅशली फितूर नव्हता असं एकाच माणसाने एकाच ठिकाणी सांगितलं होतं. आणि ते काढून टाकायला त्याच माणसाने लावलं होतं.

ब्रेंडाने टीव्ही बंद केला. 

सोमवारी सकाळी अकराला दार वाजलं. वॉल्ट होता. कोट, टाय, हातात काठी.

"गाडी काढ."

"कुठे?"

"आयव्ही पॅशलीकडे. मी बोललो होतो ते मला आठवतही नव्हतं. दोन दिवसांत कितीतरी बोललो." तो आत आला नाही. "तुझा राग गेला म्हणून आलो नाही. खुब्यामुळे मला गाडी चालवता येत नाही, म्हणून आलो."

वाटेत तो एकदाच बोलला, तेही खिडकीकडे बघत.

"हेझलने मला वाचवायला केलं. चूक केली असेल, पण ते मला कळतं. तू माझ्या शेजारी बसून 'हं' म्हणायचास. ते नाही कळत."

"बोलायचं नाही असा शब्द दिला होता."

"पॅशलीला शिव्या घालताना मला थांबवायला हेझलच्या नावाची गरज नव्हती. 'वॉल्ट, तो नव्हे' एवढं म्हटलं असतंस तर मी ऐकलं असतं. माझं सगळं ऐकून घेतलंस, मग तुझं मी ऐकलं नसतं का?"

क्लिफर्डने गियर बदलला. हे त्याला नऊ वर्षांत कधी सुचलं नव्हतं. सगळं सांगायचं किंवा काहीच नाही, असंच तो समजत आला होता.

आयव्ही पॅशलीने दार उघडलं. लहान बांध्याची बाई, अंगात दिवंगत नवऱ्याचं जाकीट, बाह्या दुमडलेल्या. दोघांना पाहून ती बाजूला झाली नाही.

"काल तू पाहिलंस का, आयव्ही?" वॉल्टने विचारलं.

"मुलीने फोन करून सांगितलं, तेव्हा लावलं. शेवट पाहिला."

 वॉल्टने क्लिफर्डकडे पाहिलं. क्लिफर्डने सांगितलं. पलंग, पोलीस, फोन. हेझलचं नाव आलं तेव्हा वॉल्टने मान खाली घातली, पण अडवलं नाही. समोर कॅमेरा नव्हता, मदत करणारं कुणी नव्हतं, आणि प्रत्येक वाक्य स्वतःच उचलून ठेवावं लागत होतं. शेवटी तो म्हणाला, "आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पबमधल्या त्या शनिवारीसुद्धा."

आयव्हीने दाराची कडी धरून ठेवली होती.

"मला कशाला सांगतोस? डेसने केलं नाही हे मला माहीतच होतं. त्या संध्याकाळी घरी आला तो कोट न काढता जिन्यावर बसून राहिला. बोलला एवढंच, की वॉल्टला कुणावर तरी राग काढायचाय, काढू दे." ती थांबली. "टीव्हीवाल्यांना सांगितलं होतंस का हे?"

"सांगितलं होतं. मग काढायला लावलं."

"अस्सं."

ती आत गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत केटल होती, टेबल होतं, तीन खुर्च्या होत्या. ती कागद आणि पेन घेऊन आली.

"लिहून दे. माझी मुलगी शाळेत काम करते. आज सकाळी तिला तिथे कुणीतरी विचारलं. तिच्या हातात काहीतरी असायला हवं. आणि सरकारी भाषा नको. साधं लिही."

क्लिफर्डने कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला. पहिला कागद फाडला, ओळ वाकडी गेली होती. दुसऱ्यावर लिहिलं की डेझमंड पॅशलीने पोलिसांना फोन केला नव्हता, हे क्लिफर्ड गारसाइडला नऊ वर्षं माहीत होतं, आणि तो बोलला नाही. मग पेन थांबलं.

"फोन कुणी केला ते लिहू?" त्याने वॉल्टला विचारलं.

वॉल्टने रस्त्याकडे पाहिलं. समोरून एक बाई कुत्रा घेऊन गेली. ती वळणापार गेली.

"लिही, माझ्या घरातून झाला. नाव नको." मग म्हणाला, "आणि लिही की मी त्याचा ग्लास ओतला तो चुकून नव्हे. मुद्दाम. सगळ्यांसमोर."

दोघांनी सह्या केल्या. आयव्हीने दारात उभ्यानेच वाचलं, सावकाश, बोट ओळीखाली धरून.

"तारीख नाही," ती म्हणाली.

क्लिफर्डने तारीख घातली. तिने कागदाची घडी केली, जाकिटाच्या खिशात ठेवली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

 परतताना गल्लीच्या तोंडाशी वॉल्ट म्हणाला, "इथेच थांबव."

"चढ आहे. दारापर्यंत सोडतो."

"इथेच."

तो उतरला आणि काठी टेकत चढ चढू लागला. दुखऱ्या खुब्याचं पाऊल आधी, मग दुसरं. प्रत्येक फाटकापाशी थांबत होता. क्लिफर्डचं घर त्याच्याच पुढे, दोन दारं सोडून. गाडी पुढे नेली असती तर त्याला ओलांडून जावं लागलं असतं. क्लिफर्डने इंजिन बंद केलं आणि हात चाकावर ठेवून बसून राहिला, वॉल्ट घरात जाईपर्यंत.